मुंबई ते लंडन : अंतर किती आणि वेळ किती?

आषाढीच्या वारीत आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसचा मुक्काम आटोपून वेळापूरला येते. पुढचे मुक्काम भंडीशेगाव, वाखरी आणि मग पंढरपूर. सोलापूर जिल्ह्याच्या या भागातल्या मुलांना हे मुक्काम तोंडपाठ असतात. आळंदी ते पंढरपूर हे अंतर २४० कि.मी.च्या आसपास धरता येईल. एवढी वाट पालखी अठरा-एकोणीस दिवसांत चालते. आता वर्गात असा प्रश्न विचारून पाहा : माणूस ताशी ४ कि.मी. चालतो, तर २४० कि.मी. जायला किती वेळ लागेल? मुले भागाकार करून साठ तास, म्हणजे अडीच दिवस, असे उत्तर देतील. मग उरलेले पंधरा-सोळा दिवस कुठे गेले? हे त्यांना सांगावे लागत नाही. रात्रीचे मुक्काम, दुपारचे विसावे, रिंगणे, भजन-कीर्तन, जेवणे. हे सगळे धरून सरासरी काढली तर पालखीचा वेग ताशी अर्धा किलोमीटरच्या थोडा वर भरतो.

वारीच्या बाबतीत ज्या मुलांना हे उमगते तीच मुले गणिताच्या तासाला वेगळे वागतात, आणि आपणही वागतो. मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० कि.मी. विमानाचा वेग ताशी ९०० कि.मी. म्हणून वेळ आठ तास. आपण बरोबरची खूण करतो आणि पुढे जातो. प्रत्यक्षात मुंबईहून लंडनला थेट जाणाऱ्या विमानाला साडेनऊ-दहा तास लागतात, परतताना त्याहून कमी लागतात. तिकिटावर छापलेल्या वेळांची वजाबाकी केली, तर जाण्याचा वेळ साडेचार तास आणि येण्याचा साडेचौदा तास असली काहीतरी उत्तरे येतात. एखाद्या चौकस मुलाने यांपैकी कोणतेही उत्तर लिहिले, तर त्याला चूक म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबायला हवे.

या दोन शहरांमधल्या प्रवासाचा इतिहास पाहिला म्हणजे वेळ, वेग आणि अंतर यांचा संबंध नीट समजतो. गेल्या दोनशे वर्षांत हा प्रवास महिन्यांवरून तासांवर आला. तो केवळ यंत्रांचा वेग वाढल्याने आला, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे.

आगबोटींचा काळ

शिडाच्या जहाजांना मुंबई-लंडन प्रवास आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून करावा लागे. हा रस्ता सुमारे २०,००० कि.मी.चा. वाऱ्यावर सगळी भिस्त असल्याने चार ते सहा महिने लागत. २० मार्च १८३० रोजी मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही वाफेवर चालणारी बोट मुंबईहून तांबड्या समुद्राकडे निघाली आणि एडनमार्गे सुवेझला गेली. या सफरीला महिन्याहून थोडे अधिक दिवस लागले. त्यातले बरेच दिवस वाटेत कोळसा भरण्यात गेले. बोटीत कोळशाला जागा अपुरी, म्हणून प्रवाशांच्या खोल्यांतही कोळसा भरला होता. सुवेझपासून पुढे टपाल आणि प्रवासी जमिनीवरून उंटांच्या व गाड्यांच्या साहाय्याने भूमध्य समुद्राच्या काठी जात आणि तिथे दुसरी बोट पकडत.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझचा कालवा खुला झाला आणि रस्ताच बदलला. २०,००० कि.मी.चे ११,६०० कि.मी. झाले. पृथ्वी होती तेवढीच होती, मुंबई आणि लंडन होती तिथेच होती. वाटेतला अडसर तेवढा दूर झाला. तासाला १३ सागरी मैल, म्हणजे २४ कि.मी., चालणारी आगबोट कुठेही न थांबता हे अंतर वीस दिवसांत कापू शकते. आगबोट रात्रीही चालते, हे इथे लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

याच जलमार्गावर सोलापूरच्या एका सुपुत्राचे नाव कोरलेले आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. वेळापूर-अकलूजच्या बाजूला राहणाऱ्यांना इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर माहीत असते, पण वालचंदांची जहाजे फारशी माहीत नसतात. नरोत्तम मोरारजी प्रभृतींबरोबर त्यांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतलेली 'लॉयल्टी' ही या कंपनीची बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. त्या काळी या मार्गावर ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी होती. समुद्र सर्वांना मोकळा असला तरी त्यावरचा व्यापार मोकळा नव्हता. या प्रवासाच्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा दिवस आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे १९४० साली याच वालचंदांनी म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना सुरू केला. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही त्याचीच वारस.

हवेतले मुक्काम

विमाने आली तेव्हा हा प्रवास एकदम तासांवर यायला हवा होता. तसे झाले नाही.

३० मार्च १९२९ रोजी इम्पीरिअल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन ते कराची अशी नियमित हवाई सेवा सुरू केली. अंतर सुमारे ५,००० मैल, म्हणजे ८,००० कि.मी., आणि वेळ सात दिवस. प्रवासी लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून विमानाने स्वित्झर्लंडमधल्या बाझलला जाई. तिथे उतरून चक्क आगगाडीने इटलीतल्या जिनोआला जाई. कारण हवाई हद्दीच्या वाटाघाटी अडलेल्या होत्या आणि तेवढ्या टप्प्यात त्या कंपनीच्या विमानाला वाट नव्हती. जिनोआहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने रोम, नेपल्स, अथेन्स असे करीत अलेक्झांड्रिया. तिथून जमिनीवर उतरणाऱ्या तिसऱ्या विमानाने गाझा, इराकच्या वाळवंटातले रुत्बा, बगदाद, बसरा, आणि मग इराणच्या किनाऱ्याने बुशायर, लिंगेह, जास्क, ग्वादर करीत कराची. इराणने किनाऱ्यावरून जाण्याची परवानगी मोठ्या मिनतवारीने दिली होती. तिची मुदत संपल्यावर १९३२ साली हा मार्ग आखाताच्या अरबी बाजूला, शारजावरून, न्यावा लागला.

आता वर्गातला भागाकार इथे करून पाहू. ८,००० कि.मी. भागिले सात दिवसांचे १६८ तास. उत्तर येते ताशी ४८ कि.मी.च्या आसपास. ही विमाने हवेत असताना ताशी १६० कि.मी. वेगाने उडत असत. म्हणजे सबंध प्रवासाचा वेग विमानाच्या वेगाच्या एकतृतीयांशापेक्षाही कमी. आगबोटीच्या ताशी २४ कि.मी.शी तुलना केली तर तो जेमतेम दुप्पट. कारण उघड आहे. आगबोट रात्रंदिवस चालत होती. विमान दिवसा उडत होते आणि रात्री मुक्काम करीत होते, अगदी पालखीसारखे. रात्री जमिनीवरच्या खुणा दिसत नसत, बहुतेक धावपट्ट्यांवर दिवे नसत, आणि टाकीतले इंधन काही तासांतच संपत असे.

त्या वेळचा वैमानिक किती एकाकी असे, हे १९३० सालच्या एका स्पर्धेवरून दिसते. भारत आणि इंग्लंड यांच्यामधले अंतर एकट्याने विमानातून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. मुदत सहा आठवड्यांची. जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले, तर ॲस्पी इंजिनिअर हा तरुण इंग्लंडहून कराचीकडे. दोघांची गाठ इजिप्तमधल्या अबुकीरला पडली. ॲस्पी तिथे अडकून पडले होते, कारण त्यांच्याजवळ इंजिनाचे जादा स्पार्क प्लग नव्हते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे दिले. ॲस्पी कराचीला आधी पोचले आणि बक्षीस त्यांना मिळाले. हेच ॲस्पी इंजिनिअर १९६० साली भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. स्पर्धेत सहा आठवड्यांची मुदत का ठेवली असेल, याचे उत्तर त्या स्पार्क प्लगमध्ये आहे. इंजिनाचा वेग कितीही असो, अबुकीरला सुटा भाग मिळाला नाही तर प्रवासाचा वेग शून्य.

कराचीला येणारे विलायतेचे टपाल पुढे मुंबई-मद्रासला पोचवण्यासाठी टाटांनी हवाई सेवा सुरू केली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. स्वतः एक इंजिनाचे छोटे 'पस मॉथ' विमान घेऊन सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी कराचीहून निघाले आणि अहमदाबादला थांबून दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी मुंबईच्या जुहूला उतरले. अहमदाबादला विमानासाठी पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून. विमानात रेडिओ नव्हता. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलाने भरे, म्हणून पावसाळ्यापुरता विमानाचा तळ पुण्याला येरवड्याकडे हलवावा लागे. कराची ते मुंबई हे अंतर अहमदाबादमार्गे हजार कि.मी.च्या थोडे वर. सव्वासात तासांचा सरासरी वेग मुलांना काढायला सांगावा. तो ताशी १४० ते १५० कि.मी. येईल. एकच थांबा आणि सगळा प्रवास दिवसा उजेडी, म्हणून हा आकडा विमानाच्या खऱ्या वेगाच्या बराच जवळ आहे.

मुक्काम कसे घटले?

दुसऱ्या महायुद्धाने विमानविद्या झपाट्याने पुढे नेली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे चार इंजिनांचे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान कॅप्टन गझदर यांच्या हाताखाली मुंबईहून लंडनला निघाले. स्वतंत्र भारताच्या विमानकंपनीची ही पहिली विलायतवारी. विमानात ३५ प्रवासी होते. थांबे दोनच : कैरो आणि जिनिव्हा. आठवड्याचा प्रवास एका दिवसाच्या आसपास आला.

विमान ताशी ५०० कि.मी.च्या घरात उडू शकत होते, म्हणजे १९२९ च्या विमानांच्या तिप्पट. पण प्रवासाचा वेळ मात्र तिपटीहून कितीतरी अधिक पटीने घटला. हा फरक थांबे कमी झाल्याचा. टाक्या मोठ्या झाल्या, म्हणून मुंबई ते कैरो ही ४,३०० कि.मी.ची मजल एका दमात मारता आली. रेडिओच्या साहाय्याने दिशा कळू लागली, म्हणून रात्री उतरून झोपण्याची गरज उरली नाही. विमानाच्या आतला हवेचा दाब राखता येऊ लागला, म्हणून ढगांच्या आणि वादळांच्या बऱ्याच वरून, विरळ हवेतून उडता आले. विरळ हवेत विरोध कमी, त्यामुळे इंधनही कमी. १९६० साली याच मार्गावर बोइंग ७०७ ही जेट विमाने आली, वेग ताशी ९०० कि.मी.च्या जवळ गेला, आणि पुढील काळात मधले थांबे गळत जाऊन थेट उड्डाणे सुरू झाली.

आपण नेमके कुठे आहोत?

अंतराचा आकडा माहीत असणे वेगळे आणि त्या अंतरावर आपण या घटकेला कुठे आहोत हे माहीत असणे वेगळे. या फरकाची किंमत या मार्गाने दोनदा मोजली आहे.

३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच 'मलबार प्रिन्सेस' कैरोहून जिनिव्हाकडे जात असताना आल्प्समधल्या माँ ब्लाँ या ४,८०० मीटरहून उंच शिखराच्या अंगावर आदळले. विमानातले सर्व ४८ जण मरण पावले. सोळा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, मुंबईहून दिल्ली, बेरूत, जिनिव्हामार्गे लंडनला जाणारे एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ जिनिव्हाला उतरण्यासाठी खाली येत असताना याच पर्वतावर आदळले. ११७ जण गेले. त्यांत भारतीय अणुकार्यक्रमाचे शिल्पकार डॉ. होमी भाभा होते. ते व्हिएन्नाला एका बैठकीसाठी निघाले होते.

चौकशीत या अपघाताचे जे कारण पुढे आले ते शिक्षकांनी समजून घेण्याजोगे आहे. रेडिओ केंद्रापासूनची दिशा दाखवणाऱ्या विमानातल्या दोन उपकरणांपैकी एक बंद होते. त्यामुळे माँ ब्लाँ आपण ओलांडला आहे, असा वैमानिकाचा अंदाज झाला. जिनिव्हाच्या नियंत्रकाला रडारवर चूक दिसली आणि त्याने माँ ब्लाँ अजून पाच मैलांवर असल्याचे कळवले. पण त्या वाक्याचा अर्थ वैमानिकाने उलटा घेतला. पर्वत मागे पडला आहे, या आपल्या समजुतीला दुजोरा मिळाला असे त्याला वाटले, आणि विमान खाली येत राहिले. अशा विमानाला पाच मैल म्हणजे जेमतेम पाऊण मिनिट. उणे आणि अधिक चिन्हांची अदलाबदल केली म्हणून आपण वहीवर लाल खूण करतो. हीही एक अधिक-उण्याचीच चूक होती. यंत्र बरोबर, वेग बरोबर, अंतराचा आकडाही बरोबर. ते अंतर पुढे की मागे, एवढेच चुकले.

त्या विमानातली भारतीय परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची एक पिशवी २०१२ साली माँ ब्लाँच्या उतारावरील बोसाँ हिमनदीत सापडली. हिमनदी अतिशय संथपणे उतारावरून सरकत असते. तिने ही पिशवी वरून खाली आणायला ४६ वर्षे घेतली.

आज विमाने जमिनीवरच्या एकाच खुणेवर किंवा एकाच उपकरणावर विसंबून नसतात. स्वतःची हालचाल स्वतःच मोजणारी यंत्रणा, उपग्रहांकडून मिळणारे स्थान, आणि समोर डोंगर असल्यास इशारा देणारे उपकरण अशी तिहेरी तजवीज असते. प्रवास झटपट झाला त्याइतकेच महत्त्वाचे हेही आहे की आता आपण कुठे आहोत हे वैमानिकाला क्षणोक्षणी कळते.

दोरा आणि नकाशा

आता ७,२०० कि.मी. हा आकडा कुठून येतो ते पाहू. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि लंडन पट्टीने जोडले, तर एक सरळ रेघ मिळते. पण ही रेघ सर्वांत जवळची वाट नव्हे. नकाशा सपाट आहे, पृथ्वी गोल आहे. शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि त्यावर मुंबई ते लंडन असा दोरा ताणून धरा. दोरा कच्छ, सिंध, बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी असा जातो. त्याचा मध्यबिंदू जवळजवळ जॉर्जिया आणि आर्मेनियाच्या सीमेवर येतो. अनेक मुलांना हे पाहून आश्चर्य वाटते.

३० सें.मी. व्यासाच्या गोलाचा परीघ सुमारे ९४ सें.मी. असतो. पृथ्वीचा परीघ ४०,००० कि.मी. म्हणजे गोलावरचा १ सें.मी. सुमारे ४२५ कि.मी. दाखवतो. ताणलेला दोरा १७ सें.मी. भरेल. गुणाकार करा, ७,२०० कि.मी. मिळतील. आता कैरो आणि जिनिव्हा इथे टाचण्या ठेवून त्यांवरून दोरा न्या. तो जवळपास पावणेदोन सें.मी.ने वाढेल. १९४८ चा प्रवास सुमारे ७,९०० कि.मी.चा, म्हणजे जवळच्या वाटेपेक्षा ७०० कि.मी.ने लांब होता.

मग जवळची वाट का धरली नाही? एक कारण इंधनाच्या थांब्यांचे होते. दुसरे असे, की या वाटेचा मोठा भाग सोव्हिएत संघाच्या आकाशातून जात होता आणि ते आकाश परक्या विमानांना दीर्घकाळ बंद होते. आकाशाला सीमारेषा आखलेल्या नसतात असे आपण म्हणतो, पण प्रत्येक देशाच्या जमिनीवरचे आकाश त्या देशाच्या ताब्यात असते. १९७१ ते १९७६ या काळात भारत आणि पाकिस्तान यांची विमाने एकमेकांच्या आकाशातून जात नव्हती. २०१९ साली फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानने आपले आकाश बहुतांशी बंद ठेवले. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युद्धामुळे युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मज्जाव केला आणि भारतानेही तसेच उत्तर दिले. अशा वेळी मुंबईचे विमान अरबी समुद्रावरून मस्कतकडे वळून गेले, तर वाट ७,४०० कि.मी.ची होते. गोलावर हा फरक अर्ध्या सें.मी.चा. पण शेकडो प्रवाशांना घेऊन जाणाऱ्या विमानाला तेवढ्यासाठीही जादा इंधन जाळावे लागते. १९२९ साली प्रवाशाला बाझलला उतरून आगगाडी धरावी लागली, ती अडचण रूप बदलून अजून शिल्लक आहे.

उरला प्रश्न आठ तास आणि साडेनऊ-दहा तास यांच्यातल्या फरकाचा. विमानाला धावपट्टीपर्यंत रांगत जावे लागते, वर चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, आणि वाट अगदी ताणलेल्या दोऱ्यासारखी कधीच नसते. शिवाय विमान ज्या उंचीवरून जाते तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीमागून. म्हणून त्याच दोन शहरांमध्ये जाण्याला अधिक वेळ आणि येण्याला कमी.

घड्याळाचा घोळ

आता तिकिटावरच्या वेळा. समजा, हिवाळ्यात मुंबईहून दुपारी २ वाजता निघालेले विमान लंडनला संध्याकाळी ६.३० वाजता उतरले. वजाबाकी साडेचार तास. पण भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. विमान उतरले तेव्हा मुंबईत मध्यरात्रीचे बारा वाजले होते. प्रवास दहा तासांचा. आता परतीचे विमान लंडनहून सकाळी १० वाजता निघाले आणि नऊ तासांनी मुंबईला पोचले, तर मुंबईच्या घड्याळात रात्रीचे १२.३० वाजलेले असतील. वजाबाकी साडेचौदा तास. उन्हाळ्यात लंडनची घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा साडेपाचऐवजी साडेचार तास धरावे लागतात.

इथे वेळापूरच्या शाळांना एक सोय आपोआप लाभली आहे. ७५° पूर्व हे रेखावृत्त या गावाच्या अगदी जवळून जाते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून वेळापूरचा सूर्य ग्रिनिचच्या सूर्यापेक्षा बरोबर पाच तास आधी माथ्यावर येतो. भारतीय प्रमाणवेळ मात्र ८२.५° रेखावृत्तावरून ठरली आहे. फरक साडेसात अंशांचा, म्हणजे तीस मिनिटांचा. म्हणून वेळापुरात खरी मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या सुमारास होते. वर्षभरात ती थोडी मागेपुढे सरकते : नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१४ च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला १२.४४ च्या आसपास. शाळेच्या अंगणात एक काठी सरळ उभी रोवून तिची सर्वांत आखूड सावली कधी पडते ते मुलांनी टिपले, तर हे त्यांना स्वतः पाहता येईल.

प्रत्येक गावाची वेळ अशी त्याच्या सूर्यावरून ठरत असे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, तरी मुंबईत ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली जुनी 'मुंबई वेळ' कित्येक ठिकाणी १९५५ पर्यंत चालू राहिली. पालखीच्या वेगाने जाणाऱ्याला हा फरक जाणवण्याचे कारण नव्हते. एका दिवसात खंड ओलांडणाऱ्याला तो ओळखल्याशिवाय गत्यंतर नाही.

वर्गात काय करता येईल?

पुढच्या वेळी मुंबई-लंडनचे उदाहरण घालताना ते तीन प्रकारे घालून पाहावे. एकदा फक्त अंतर आणि वेग देऊन. दुसऱ्यांदा थांबे देऊन : १९२९ चे सात दिवस, १९३२ चे सव्वासात तास, वारीचे अठरा दिवस. प्रत्येकाचा सरासरी वेग काढून तो चालत्या वेगाशी ताडून पाहावा. तिसऱ्यांदा तिकिटावरच्या नुसत्या स्थानिक वेळा देऊन. शेवटी मुलांना विचारावे, की या उदाहरणात आपण काय काय गृहीत धरले होते? विमान थांबत नाही, वारा नाही, वाट सरळ आहे, कोणाचे आकाश बंद नाही, आणि दोन्ही गावांची घड्याळे एक आहेत. एवढी यादी मुलांनी स्वतः केली, तर 'आठ तास' हे उत्तर बरोबर द्यायला हरकत नाही. मात्र 'दहा तास' लिहिणाऱ्या मुलाला त्याचे कारण विचारावे. ते पटण्याजोगे असेल तर त्यालाही पूर्ण गुण द्यावेत.